आयएसए कार्ड असेल तर नुसता वेग बघू नका

वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधला जिओड एलएक्स८०० प्रोसेसरचा बोर्ड गेला, आता ॲटम एन२७० प्रोसेसरचा घ्यायचा की व्हॉर्टेक्स८६डीएक्सचा, हा तुमचा मूळ प्रश्न. वर बहुतेकांनी वेग बघून ॲटमला कौल दिलाय. ॲटमच्या १.६ गिगाहर्ट्झपुढे ५०० मेगाहर्ट्झचा जिओड काहीच नाही, मान्य. पण वजनकाट्याचं कार्ड आयएसए (कार्ड जोडायची जुनी पद्धत) आहे असं तुम्हीच लिहिलंय ना? व्हॉर्टेक्समध्ये आयएसए बस चिपमध्येच आहे. ॲटमच्या बोर्डावर ती मधल्या ब्रिजमधून (जोडणाऱ्या वेगळ्या चिपमधून) येते, आणि कार्ड डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी देवाणघेवाण) वापरत असेल तर तिथंच घोडं पेंड खातं.

दुसरं, तुमचा प्रोग्रॅम डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधला आहे. आमच्या पॅकिंग मशीनचा प्रोग्रॅमही तसाच, टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेला होता. नव्या बोर्डावर चालू केला की पडद्यावर 'रनटाइम एरर २००', बास. दोन दिवस रॅम आणि केबली बदलत बसलो! शेवटी कळलं की सुरुवातीला डिले मोजणारा लूप वेगवान प्रोसेसरवर इतका झटकन संपतो की पुढच्या भागाकाराचं उत्तर मावतच नाही. प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलला पॅच मारला (तेवढा भाग दुरुस्त केला), पाच मिनिटांचं काम.

ॲटमचे २.५ वॅट कागदावर छान दिसतात, पण सोबतचा ९४५जीएसई चिपसेट (प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणारी चिप) त्याच्याहून जास्त तापतो. पंखा नसलेल्या पेटीत तोही हिशोबात धरा.

लिनक्सचं विचारणाऱ्यांसाठी: जिओडवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ पर्यंतच, १२ चालत नाही.

काहीही घ्या, कार्ड काढण्याआधी जंपरचे (कार्डाची सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या पिनांचे) फोटो काढा आणि त्यांवर लावलेला तोच आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आयएसएसाठी राखून ठेवा.