मद्यपानाने करोनापासून संरक्षण मिळते का?

प्रश्न
सॅनिटायझरमधील अल्कोहोल विषाणू नष्ट करते, तर मद्यपानानेही थोडेफार संरक्षण मिळत असणार, असे माझे सासरे २०२० पासून ठामपणे सांगत आले आहेत. यात काही तथ्य आहे का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. हातावर चोळायच्या द्रवात अल्कोहोल किमान ६० टक्के असते. प्यायलेले मद्य रक्तात इतके विरळ होते की विषाणूला त्याचा काहीच उपद्रव होत नाही. उलट अतिमद्यपानाने फुप्फुसांतील संरक्षक पेशी दुबळ्या होतात आणि न्यूमोनिया बळावण्याचा धोका वाढतो.

प्रतिसाद २
या समजुतीची भीषण किंमत इराणने मोजली. तेथे मद्यबंदी असल्याने २०२० मध्ये लोक चोरट्या दारूकडे वळले. तिच्यातील मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होऊन अनेकांची दृष्टी गेली आणि शेकडो माणसे दगावली. आपल्याकडेही एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्यांचे मृत्यू झालेच.

प्रतिसाद ३
एक बाजू सुटते आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणेही जीवघेणे ठरू शकते. हातांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. पहिल्या टाळेबंदीत केरळ सरकारने अशांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचे ठरवले होते, त्याला उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्थगिती दिली, आणि ते मला योग्यच वाटते, कारण अशा रुग्णाला बाटली नव्हे, तर वैद्यकीय देखरेखीखाली औषधे व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यावे लागते. सासरे रोज पीत असतील, तर बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य दाखवा.