दीड लाखाचा स्ट्रीमर, जुना लॅपटॉप आणि मारवा

कोथरूडचा_श्रोता
शनिवारी बाणेरला एका मित्राकडे गेलो होतो. त्याने दीड लाखाचा म्युझिक स्ट्रीमर घेतलाय. मारवा रागाची एक जुनी मैफल लावली आणि म्हणाला, "बघ, तंबोऱ्याची जवारी कशी उघडलीये!" जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, उघडली होती, खोटं कशाला बोलू? घरी येऊन माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर, बारा हजारांच्या डॅकमधून, तीच फाइल लावली. जवारी तिथेही होती. फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करायचं काम डॅकचं, स्ट्रीमर फक्त आकडे पुरवतो. मग आकडे पुरवणारा डबा बदलून गाणं कसं सुधारेल? माझ्या मते पैसे गेले ते त्या जाडजूड ॲल्युमिनियमला.

जवारी६२
दोन घरं, दोन खोल्या, दोन स्पीकर आणि मधे चांदणी चौकातला ट्रॅफिक. याला तुलना म्हणत नाहीत हो. कॉम्प्युटर गाण्यासाठी बनलेलाच नाही. यूएसबीच्या तारेतून नुसते आकडे जात नाहीत, पाच व्होल्टची लाइन आणि ग्राउंडही जातं. लॅपटॉपच्या पोटातला सगळा विजेचा कचरा त्यावरून डॅकपर्यंत येतो. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणून तंबोरा निषादावर (नी) लावलेला. त्या निषादाभोवतीची शांतता ऐका, मग बोलू. बिट बरोबर म्हणजे झालं, असं म्हणणारे लोक तंबोरा ॲप बघून लावतात.

तपकीर_गल्ली
मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, म्हणून दोघांनाही थोडं थोडं बोलतो.

काका, ग्राउंडचा मुद्दा खरा आहे. मागे एकाच्या डॅकमधून सतत हूं येत होतं. लॅपटॉपचा चार्जर काढला, हूं गायब. पण त्याला दीड लाख लागत नाहीत. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट आणि डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर काही शे रुपयांची ऑप्टिकल केबल लावा. त्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही.

श्रोतेसाहेब, तुमचा लॅपटॉपही सोवळ्यातला नाही. विंडोज सगळे आवाज एकत्र कालवतं. ते ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार आकड्यांवर, ठेवलेलं असेल तर सीडीची ४४.१ ची फाइल वाटेत बदलून पुढे जाते. प्लेयरमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' निवडा, म्हणजे आकडे आहेत तसे पोचतील.

आता राहिला जिटर, म्हणजे आकड्यांच्या वेळेत होणारी बारीक मागेपुढे. आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये यूएसबी असिंक्रोनस असते, म्हणजे घड्याळ डॅकचं चालतं; लॅपटॉपने फक्त माल वेळेत पोचवायचा. गंमत अशी की स्ट्रीमर कोअॅक्सिअलने (तांब्याच्या डिजिटल केबलने) जोडला तर डॅकला स्ट्रीमरच्या घड्याळामागे जावं लागतं. म्हणजे या एका बाबतीत जुना लॅपटॉप वरचढ!

बाणेरची_बाल्कनी
तो मित्र मीच. पोहे खाल्लेस, दोनदा चहा घेतलास आणि घरी जाऊन धागा काढलास!

मी तो डबा फक्त आवाजासाठी घेतलेला नाही. माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला लॅपटॉपवर फोल्डर शोधता येत नाही, टॅब्लेटवर बोट ठेवून भजन लावता येतं. विलंबित रंगात आलेलं असताना अँटिव्हायरसची टिंग वाजत नाही, पंखा घरघरत नाही. आणि हो, मला फरक ऐकू येतो. रविवारी लॅपटॉप घेऊन ये.

तपकीर_गल्ली
करणारच असाल तर नीट करा. डॅक एकच, स्पीकर तेच. १००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळलं पाहिजे. किंचित मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानातले निम्मे चमत्कार तिथेच होतात. इनपुट बदलणारा माणूस दिसता कामा नये आणि त्याने नाणं उडवूनच ठरवायचं.

जवारी६२
गाणं असं परीक्षेला बसवून ऐकत नाहीत. ताण आला की कान मिटतात.

कोथरूडचा_श्रोता
काका, दुकानात डोळे उघडे ठेवून ऐकताना ताण येत नाही का? तिथे तर किंमतही दिसते!

झालं ते सांगतो. लॅपटॉप बाहेर पॅसेजमध्ये, म्हणजे पंख्याची चुगली नको. पडद्यामागे माझी भाची, हातात रुपया. बारा फेऱ्या. मला चक्क काही कळेना, मी पाचव्या फेरीला हात टेकले. बाणेरकरांनी बारापैकी आठ बरोबर सांगितले.

बाणेरची_बाल्कनी
आठ! बारापैकी आठ!! ठळक अक्षरांत लिही की.

तपकीर_गल्ली
अभिनंदन, पण पेढे थांबवा. नुसतं नाणं उडवलं तरी बारापैकी आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण पाचांत एक. दहा आले असते तर ती पन्नासांत एक झाली असती आणि मीच पेढे आणले असते.

जवारी६२
म्हणजे ऐकू आलं नाही असंही सिद्ध झालं नाही ना?

तपकीर_गल्ली
नाही झालं. चाळीस फेऱ्या करा.

बाणेरची_बाल्कनी
चाळीस वेळा मारवा? आई म्हणतेय, निदान अधूनमधून एखादं भजन लावा. आणि श्रोते, तुझा चार्जर इथेच राहिलाय.