प्रतिसाद: रंग कोल्हा बदलतो, लांडगा नाही

वर एकांनी म्हटलंय की उत्तर ध्रुवाजवळचा आर्क्टिक लांडगा फक्त हिवाळ्यात पांढरा होतो. तसं नाही हो, तो बारा महिने पांढराच असतो. उन्हाळ्यात तपकिरी होतो तो तिथला कोल्हा.

मला खरं नवल वाटतं ते या लांडग्याच्या धीटपणाचं. आपल्या माळरानावरचा लांडगा माणसाची चाहूल लागली की पसार होतो. कॅनडाच्या एल्समीर बेटावर मात्र लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९८६ पासून अनेक उन्हाळे कळपाच्या अगदी जवळ बसून टिपणं काढली. माणसाने तिथे त्यांचा छळ फारसा केलेलाच नाही, मग घाबरायचं कशाला?

२००९ मध्ये मीच आणि सहकाऱ्यांनी एका नराच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला. चार महिने सूर्य नाही, पारा उणे पन्नासच्या खाली, तरी गडी थांबला नाही. मस्कऑक्स (तिथले लांब केसांचे, बैलासारखे प्राणी) आणि ससे शोधत हजारो किलोमीटर हिंडला.

हे लांडगे बीळ कुठे करतात, असंही कुणी विचारलं होतं. जमीन कायम गोठलेली, खणणार कुठे? म्हणून खडकातली एखादी चांगली कपार सापडली की पुन्हा पुन्हा तीच वापरतात.