आरओच्या पाण्यातला प्लांटेड टँक: लोह वाढवूनही पानं सुधारत नाहीत

पाणकणीस:
मासे आणि जिवंत वनस्पतींचा टँक, २ × १ × १.५ फूट, दगड-माती वजा जाता पाणी साधारण ७० लिटर. पाणी पूर्ण आरओचं, दर आठवड्याला ३० टक्के बदलतो. एलईडी ७ तास, सीओटू नाही. निऑन टेट्रा १२.

हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना टाचणीएवढी भोकं, भोवती पिवळी कड. ॲमेझॉन सोर्डची बाहेरची पानं शिरांच्या मधे पिवळी, शिरा हिरव्या. रोटालाचे शेंडे आकसलेले, नवी पानं वाकडी. जावा फर्नच्या पानांखाली तपकिरी ठिपके. नायट्रेट १०, पीएच ६.६, जीएच (पाण्याचा जडपणा) १. खत म्हणून फक्त लोहाचं द्रावण जातं. डोस दुप्पट केला, फरक शून्य. अजून वाढवू का?

शेवाळशत्रू:
वाढवू नका. लेबलवरच्या डोसवर परत या.

पिवळं पान दिसलं की लोह, हे समीकरण डोक्यातून काढा. रंगाआधी जागा बघायची: त्रास जुन्या पानांत आहे की शेंड्यात? नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून त्यांची उणीव खाली दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की हलत नाहीत, त्यांची उणीव वर दिसते. लोह कमी असतं तर सोर्डचं मधलं, नुकतं उलगडलेलं पान फिकट आलं असतं. तुमची बाहेरची पानं पिवळी आहेत आणि शिरा हिरव्या आहेत, म्हणजे मॅग्नेशियम. हायग्रोफिलाची भोकं पोटॅशची. वाकडे शेंडे बहुधा कॅल्शियमचे. नायट्रोजन कमी असता तर जुनं पान शिरांसकट सरसकट पिवळं पडलं असतं, आणि नायट्रेटही १० आलं नसतं.

तिन्हींचं मूळ एकच. आरओ मेंब्रेन हे सगळं काढून टाकतं आणि तुम्ही परत काहीच घालत नाही. जीएच १ हेच सांगतोय.

जावा फर्नचे ठिपके पानाच्या पाठीवर ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. त्याला औषध नको.

७० लिटरसाठी एकदाच:
- कॅल्शियम सल्फेट (खाद्य दर्जाचं) ५ ग्रॅम: कॅल्शियम सुमारे १६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम)
- एप्सम सॉल्ट ५ ग्रॅम: मॅग्नेशियम ७ पीपीएम
- पोटॅशियम सल्फेट १.५ ग्रॅम: पोटॅश साडेनऊ पीपीएम

यातून जीएच पाचच्या आसपास जाईल. निऑनसाठी सगळं एका दिवशी नको, चार दिवसांत विभागून घाला. कॅल्शियम सल्फेट फार हळू विरघळतं, लिटरमागे जेमतेम दोन ग्रॅम. म्हणून बादलीत ३ लिटर पाण्यात ढवळून घ्या, नाहीतर भुकटी तळाशीच बसेल.

पुढे दर पाणीबदलाला, म्हणजे नव्या २१ लिटरना, पहिल्या दोन्हींचे दीड-दीड ग्रॅम आणि पोटॅशचा अर्धा ग्रॅम. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र नुसत्या आरओने करा. क्षार उडत नाहीत, त्यामुळे भरतीच्या पाण्यात परत क्षार घातले की जीएच चढत राहतो.

खतवाला:
साहित्य शहरात अ‍ॅक्वेरियमच्या नावाने महाग पडतं. कृषी सेवा केंद्रात ००:००:५० (आकडे नायट्रोजन:फॉस्फरस:पोटॅशचे टक्के) मागा, तेच पोटॅशियम सल्फेट. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ड्रिपवाली पूर्ण विद्राव्य खतंच घ्या, जमिनीत टाकायची दाणेदार नकोत.

१९:१९:१९ आणि १२:६१:०० टँकजवळही आणू नका. पहिल्यात नायट्रोजन बराचसा युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, दुसऱ्यात तर सगळाच अमोनियाच्या. मासे आधी जातील, शेवाळ मागून येईल. शेतीच्या कॅल्शियम नायट्रेटमध्येही थोडा अमोनिया असतो, कोळंबी असेल तर तेही टाळा. आणि पोटॅश स्वस्त म्हणून ओतू नका. जास्त पोटॅशने मुळांना मॅग्नेशियम-कॅल्शियम उचलायला अडचण होते, हे द्राक्षवाल्यांना विचारा.

मोहोर:
रोटालाबद्दल थोडं वेगळं मत. शेंडा आकसणं कॅल्शियम आणि बोरॉन दोन्हींत जवळपास सारखंच दिसतं, आणि आरओमध्ये बोरॉनही कमी होतं. नुसत्या लोहाऐवजी मँगेनीज, बोरॉन, जस्त असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण वापरा. तुमच्या पीएचला ईडीटीए लोह (लोह विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या पदार्थासकट) चालेल. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ असतो तिथे ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही, मग जास्त घट्ट धरणारं ईडीडीएचए लागतं. ईडीडीएचएने पाणी लालसर होतं, घाबरायचं नाही.

नळाचं पाणी बरं असेल तर त्याचा जीएच मोजा. ८-१० आला तर अर्धं नळाचं, अर्धं आरओ करून वजनकाटा कपाटात ठेवता येईल. क्लोरीन मात्र आधी काढा. आणि नायट्रेटचा किट बाटल्यांचा असेल तर दुसऱ्या नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरात हलवूनच वापरा. पूड खाली बसलेली असली की आकडा खोटा कमी येतो.

पाणकणीस:
ठिपके ओळीतच आहेत, धन्यवाद. बोअरचं पाणी फार जड आहे, त्यामुळे क्षारच घालतो. अजून एक: अनुबियासच्या जुन्या पानांवर आणि काचेवर नखानेही न निघणारे गोल हिरवे टिपके आहेत. तेही मॅग्नेशियम?

शेवाळशत्रू:
नाही, ते शेवाळ. बहुतेक वेळा फॉस्फेट कमी आणि प्रकाश जास्त. आधी फॉस्फेट मोजा. शून्याजवळ असेल तर ००:५२:३४ चे १० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातले ५ मिली म्हणजे ०.१ ग्रॅम, तुमच्या टँकला १ पीपीएम फॉस्फेट. आठवड्यातून दोनदा, लोहाच्या दिवशी नको, दोन्ही एकत्र आली की साका होतो. एलईडी ६ तासांवर आणा.

भोकं पडलेली पानं भरून येत नाहीत, ती कापून टाका. तीन आठवड्यांनी फक्त नवी पानं बघा. हायग्रोफिलाचं नवं पान जुनं होईपर्यंत अखंड राहिलं तर पोटॅश पुरतंय. शेंडा तेव्हाही वाकडाच असेल तर मोहोर म्हणतात ते बोरॉन.