सिक्युरिटीत कुठली वाट धरू? वेळ रोज दोन तास, मुदत सहा महिने

उंबरठा: विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, कंपनीतली खाती आणि संगणक एका जागी ठेवणारी यंत्रणा) सांभाळतो. पॉवरशेल बऱ्यापैकी, पायथन जुजबी. आता सिक्युरिटीत जायचंय. पेनटेस्टिंग (परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधणं), सॉक (लॉगवर नजर ठेवून हल्ले ओळखणारी टीम), क्लाउड की जीआरसी (धोरणं, जोखीम आणि नियमपालन)? रोज दोन तासांच्या वर वेळ नाही, सहा महिन्यांत मुलाखती द्यायच्यात. महागडी परीक्षा नको.

रूटवाला: ओएससीपी, पेनटेस्टिंगची प्रात्यक्षिक परीक्षा. दुसरा विचारच करू नका. २३ तास ४५ मिनिटं मशीन्स प्रत्यक्ष फोडायची, पुढच्या २४ तासांत रिपोर्ट द्यायचा. १०० पैकी ७० ला पास, त्यातले ४० गुण एडीच्या सेटला. तुमचं निम्मं काम तिथेच झालं. रोज चार-पाच तास काढा, होतं.

लॉगवाचक: अहो, त्यांनी दोन तास लिहिलेत. नवख्याला पेनटेस्टिंगपेक्षा सॉकचं दार लवकर उघडतं. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एकावर सिसमॉन (विंडोजच्या हालचालींची सविस्तर नोंद ठेवणारं), दुसऱ्यावर वाझू (लॉग गोळा करून तपासणारं). मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाका आणि इव्हेंट ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, बघा. लॉगऑन टाइप ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. एकाच पत्त्यावरून ४६२५ ची रांग लागली आणि मागोमाग ४६२४ (यशस्वी लॉगिन) आला, तर तो तपासायचाच. मुलाखतीत हेच विचारतात.

पॅकेट_पाटील: टाइप १० वर विसंबू नका. एनएलए (रिमोट डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासणं) चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपचा फसलेला प्रयत्न टाइप ३ म्हणूनच नोंदतो. नुसता १० शोधणाऱ्याच्या हाती हल्ला लागतच नाही.

लॉगवाचक: फसलेल्या प्रयत्नांपुरतं मान्य. पण यशस्वी लॉगिनला १० दिसतो आणि मी दोन्ही जोडून बघायला सांगतोय.

पॅकेट_पाटील: मग तसं स्पष्ट लिहा, नवीन माणूस वाचतोय. आणि ४६८८ (नवीन प्रोसेस सुरू झाल्याची नोंद) मध्ये कमांड लाइन आपोआप येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी चालू करावी लागते. लॅबमध्ये इथेच घोडं अडतं.

ढगफोड: सर्व्हर क्लाउडवर चाललेत आणि तुम्ही टाइप ३ वर भांडताय. क्लाउड घ्या, त्यातही आधी आयएएम, म्हणजे कुणाला कशाची परवानगी. पॉलिसीत ॲक्शन आणि रिसोर्स दोन्हीकडे तारा (*, म्हणजे सगळंच) दिसला की समजायचं, कुणीतरी घाईत काम उरकलंय. १६९.२५४.१६९.२५४ या क्लाउड सर्व्हरच्या मेटाडेटा पत्त्यावरून एसएसआरएफने (सर्व्हरलाच फसवून विनंती करायला लावून) क्रेडेन्शियल कशी निघतात, आणि आयएमडीएसव्ही२ (एडब्ल्यूएसच्या त्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती) आधी एचटीटीपी पुट विनंतीने टोकन मागून ते कसं अडवतं, एवढं नीट समजावता आलं तरी पुष्कळ.

नियमावली: जीआरसीबद्दल नेहमीप्रमाणे कुणीच बोललं नाही. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत. 'अ‍ॅक्सेस दर तिमाहीला तपासतो' असं धोरणात लिहायचं आणि तपासल्याचा पुरावा नाही, ऑडिटला सगळे इथेच सापडतात. सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या प्रमाणपत्राच्या मागे मात्र आत्ताच लागू नका. आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्याशिवाय पास झालात तर फक्त असोसिएट, पूर्ण प्रमाणपत्र नाही.

शेलधारी: ओएससीपी +१. वर सांगितलंच आहे.

बर्पभक्त: वेब कुणी सुचवलंच नाही? पोर्टस्विगरच्या (बर्प हे वेब तपासायचं साधन बनवणारी कंपनी) लॅब फुकट आहेत. अ‍ॅक्सेस कंट्रोलपासून सुरुवात करा. दोन खाती काढा, एकाच्या विनंतीतला आयडी बदलून दुसऱ्याचं बिल उघडतं का बघा. बर्पची फुकट आवृत्ती चालते, फक्त इंट्रूडर (एकच विनंती बदलून बदलून पाठवणारा भाग) मुद्दाम हळू केलेला आहे.

उंबरठा: सगळ्यांचे आभार. मी चारांपैकी एकही घेत नाहीये, एडीचं संरक्षण हेच धरतो. पहिले दोन महिने लॅबमध्ये ब्लडहाउंड (एडीतल्या हक्कांचे दुवे दाखवणारं साधन) चालवून साध्या खात्यापासून डोमेन अ‍ॅडमिनपर्यंतच्या वाटा शोधायच्या आणि एकेक बंद करायची. मग केर्बरोस्टिंग, म्हणजे सर्व्हिस खात्याचं तिकीट मागून त्यावरून पासवर्ड फोडण्याचा हल्ला. एसपीएन (सेवेचं एडीत नोंदलेलं नाव) असलेली सर्व्हिस खाती काढायची, ४७६९ (सर्व्हिस तिकीट मागितल्याची नोंद) मध्ये एन्क्रिप्शन ०एक्स१७ म्हणजे जुनं, कमकुवत आरसी४ दिसतंय का पाहायचं आणि खाती जीएमएसएवर (ज्यांचा पासवर्ड एडीच सांभाळते अशा खात्यांवर) न्यायची. तिथे पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. उरलेल्या महिन्यांत हे सगळं लिहून काढून मुलाखतीत दाखवायचं.

रूटवाला: नुसत्या एडीवर जागा मोजक्याच निघतात. ओएससीपी करून मग हे करा.

ढगफोड: निदान एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली खाती-सेवा) तरी जोडा. एडीतली खाती तिकडे नेणारा सिंकचा सर्व्हर एडी चालवणाऱ्या डोमेन कंट्रोलरइतकाच जपावा लागतो आणि लोक तो साध्या सर्व्हरसारखा उघडा ठेवतात.

लॉगवाचक: ४७६९ बघताना डॉलर चिन्हाने संपणारी सर्व्हिसची नावं आधी गाळा, ती बहुतेक संगणकांची खाती असतात. नाहीतर डोमेन कंट्रोलरचा लॉग तुडुंब भरतो आणि हवी ती ओळ सापडत नाही. शिवाय एक आमिष खातं ठेवा, एसपीएन असलेलं पण कुठेच न वापरलेलं. त्याचं तिकीट कुणीही मागितलं की थेट अलार्म.