निवृत्तीचं वय सारखं, पण आयुष्यभराचे तास?

मंडळी, नमस्कार.

'इटलीत 67, नेदरलँड्समध्येही 67, म्हणजे दोघांचं राबणं सारखंच' हा कालच्या चर्चेतला निष्कर्ष टिकत नाही. 67 हे सरकारी पेन्शन सुरू होण्याचं वय. माणूस कामाला कधी लागला आणि मध्ये किती वर्षं घरी होता, हे त्यात येतच नाही.

युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, त्यासाठी वेगळा आकडा काढतं: आज 15 वर्षांचा असलेला माणूस पुढे सरासरी किती वर्षं श्रमबाजारात असेल. 2023 साली नेदरलँड्स 43.7, इटली 32.9. इटलीत बऱ्याच स्त्रिया नोकरीबाहेर आहेत आणि मुलं उशिरा कामाला लागतात, त्यामुळे सरासरी घसरते.

आता याला, कामावरचा माणूस वर्षाला सरासरी जितके तास काम करतो, त्या तासांनी गुणा. नेदरलँड्स साधारण 1400, म्हणजे 61 हजार. इटली साधारण 1700, म्हणजे 56 हजार. वर्षांतली तफावत 33 टक्के, तासांतली जेमतेम 9.

---

> तासांतली जेमतेम 9

गुणाकार ठीक, पण युरोस्टॅटच्या वर्षांत बेकारीचा काळही धरलेला असतो. काम शोधणाराही श्रमबाजारातच मोजतात. जिथे बेकारी जास्त, तिथे तास जास्त फुगतात. त्यामुळे दोन्ही बेरजा वरची मर्यादा समजा.

आणि जर्मनीचे वर्षाला साधारण 1340 तास, अमेरिकेचे 1800, म्हणून जर्मन आळशी, हे तर अजिबात नको. हा आकडा म्हणजे एकूण तास भागिले कामावरची माणसं. दहा जण घ्या: सात जण वर्षाला 1650 तास, तीन अर्धवेळवाले 800. सरासरी 1395. उद्या त्या तिघांनी नोकरी सोडली की सरासरी चढून 1650! काम 2400 तासांनी घटलं आणि देश 'मेहनती' ठरला. आयुष्याच्या बेरजेला ही सरासरी चालते, कारण नोकरी सोडणारे वर्षांच्या आकड्यातून वजा होतात. नुसती वापरली की फसवते. हे आकडे काढणारी ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) स्वतःच सांगते की हे आकडे काळानुसार कल पाहायला आहेत, एकाच वर्षी देशांची क्रमवारी लावायला नाहीत. तरी दरवर्षी ती क्रमवारी फिरतेच.

---

देशोदेशीच्या निवृत्तीवयाचा जो तक्ता आपण करतोय, त्यातला 'वय' हा रकानाही मोडावा लागेल. जन्मवर्ष आणि लवकर पेन्शन घेतल्यास होणारी कपात लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

अमेरिका: 1960 किंवा नंतरचा जन्म, तर पूर्ण पेन्शन 67 ला. 62 ला घेतलं तर 30 टक्के कायमची कपात. 70 पर्यंत थांबलात तर 124 टक्के.

जर्मनी: 1964 पासूनचा जन्म, तर 67. पेन्शन खात्यात 35 वर्षांची नोंद असेल तर 63 ला निघता येतं, पण दर महिन्याला 0.3 टक्के कापतात. 48 महिन्यांचे 14.4, तेही कायमचे.

डेन्मार्कने 2025 च्या मे महिन्यात कायदा केला: 1970 नंतर जन्मलेल्यांना 70. चीनमध्ये पुरुषांचं वय 2025 पासून 15 वर्षांत 60 वरून 63 वर जाणार. म्हणजे आज निवृत्त होणारा आणि आज कामाला लागणारा एकाच ओळीत बसत नाहीत. दोन रकाने करा.

फ्रान्सची ओळ पेन्सिलीनेच लिहा. 2023 च्या कायद्याने 62 चं 64 होणार होतं, ती वाढ 2025 च्या अखेरीस संसदेने थांबवून ठेवली.