चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा: कुठे कोणता शब्द?

'बंद फ्लॅटवर दोघांचा दरोडा, कुटुंब गावी गेल्याची संधी साधली' अशा धाटणीचे मथळे सतत दिसतात. यात दरोडा हा शब्द दोन कारणांनी चुकला आहे. दरोड्याला किमान पाच जण लागतात. शिवाय दरोडा माणसावर पडतो, रिकाम्या घरावर नाही. इथे झाली ती घरफोडी.

बोलताना आपण ऐवज बघून शब्द निवडतो. चार भांडी गेली तर चोरी, कपाट रिकामं झालं तर दरोडा. कायदा बघतो ते वेगळंच: वस्तू कशी नेली, चोर आत कसा शिरला आणि त्यासाठी कुणाला काय केलं.

'फिर्यादीच्या संमतीशिवाय, मुद्दाम लबाडीने चोरून नेले' हे पोलिसी मराठीतलं वाक्य रटाळ वाटतं खरं. पण 'संमतीशिवाय' आणि 'लबाडीने' हे त्यातले दोन्ही शब्द थेट चोरीच्या व्याख्येतून आलेले आहेत. ते काढले तर नुसतं वस्तू उचलून नेणं उरतं.

घरफोडी हे शिरण्याच्या रीतीचं नाव आहे, आणि तिच्यात काही फुटलंच पाहिजे असं नाही. कडीकोयंडा उचकटला की घरफोडी, हे कुणालाही पटतं. पण तुमची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि तिनं कुलूप काढून तो चोरी करायला आत शिरला, तरी ती घरफोडीच. हे किल्लीचं उदाहरण १८६० च्या दंड संहितेतच दिलेलं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. याउलट, दार उघडंच होतं, कुणीतरी सरळ आत आलं आणि टेबलावरचा मोबाइल घेऊन गेलं, तर ती घरातली चोरी. घरफोडी नव्हे.

खरा घोळ होतो तो जबरी चोरीशी. 'जबरी' आता 'जबरी पिक्चर'सारखा कौतुकाला वापरतात, त्यामुळे तरुण वाचकाला जबरी चोरी म्हणजे मोठा हात मारलेली चोरी वाटते. इथला जबरी मात्र जबरदस्तीतला आहे. चोरी करण्यासाठी, करताना किंवा माल घेऊन जाताना, त्याच हेतूनं कुणाला इजा केली, अडवून धरलं, किंवा तिथल्या तिथे इजा होईल अशी भीती घातली, तर चोरीची जबरी चोरी होते. तसा नुसता प्रयत्न केला तरीही होते.

यातला 'अडवून धरणं' हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. माझ्या मावशीकडे चोर शिरले तेव्हा ती आतल्या खोलीत झोपलेली होती. आवाजानं जागी झाली, तर खोलीला बाहेरून कडी. ती दार बडवत राहिली आणि पलीकडे कपाट उचकत होते. तिला कुणी हात लावला नाही की चाकू दाखवला नाही. म्हणून पोलिसांपुढे ती एवढंच म्हणाली, 'चोरी झाली.' फिर्याद वाचून दाखवली तेव्हा त्यात कडीचा उल्लेखच नव्हता. तो तिनं आग्रहानं घालायला लावला. जिवंत माणसाला कोंडून कपाट रिकामं करणं ही नुसती चोरी नाही, आणि मावशीला त्या रात्री जे वाटलं त्याला 'चोरी' हा शब्द पुरत नाही, असं मला आजही वाटतं.

'त्याच हेतूनं' हे शब्दही विसरू नयेत. चोर माल टाकून पळाला आणि केवळ पकडलं जाऊ नये म्हणून त्यानं मागे दगड भिरकावला, तर दगडाचा गुन्हा वेगळा. तेवढ्यानं चोरी जबरी होत नाही.

आता शिक्षा. 'नुसती घरफोडी' म्हणणाऱ्यांनी ही तुलना जरूर बघावी. जबरी चोरीला साधारणपणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे (महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाली तर चौदापर्यंत). चोरीच्या इराद्यानं रात्री केलेल्या घरफोडीला मात्र चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिवसाच्या घरफोडीला दहापर्यंत. गुन्ह्यांच्या तक्त्यात 'घरफोडी दिवसा' आणि 'घरफोडी रात्री' अशा दोन ओळी दिसतात, त्यामागे हाच फरक आहे. आणि रात्र म्हणजे इथे सूर्यास्त ते सूर्योदय, आपली निजानीज नव्हे.

विम्याच्या कागदावर शब्दांचे अर्थ पुन्हा बदलतात. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं एका गोदामातल्या चोरीच्या दाव्यात पॉलिसीतलीच व्याख्या धरली. बळ वापरून आत शिरल्याशिवाय ती घरफोडी नाही असं पॉलिसीत लिहिलेलं होतं, म्हणून दावा नाकारला गेला. तेव्हा किल्लीनं उघडलेलं दार संहितेत घरफोडी ठरेल, पण तसल्या पॉलिसीत कदाचित नाही.

दरोड्यात पाचांपेक्षा एक जरी कमी असला तरी शब्द जबरी चोरीच. दरोड्याची तयारी करणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणूनच 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' ही बातमी, काहीच लुटलं गेलेलं नसताना, अगदी बरोबर असू शकते.